संकरित मोटारीचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

नववीच्या वर्गात गतिज ऊर्जेचे सूत्र शिकवताना बहुतेक पाठ्यपुस्तकांत बंदुकीची गोळी, चेंडू किंवा घरंगळणारा दगड यांची उदाहरणे असतात. त्याऐवजी सिग्नलपाशी थांबणारी मोटार घेऊन पाहू या. प्रवाशांसह १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे ७४,००० ज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेत ही अख्खी मोटार सहा मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे दोन मजले, वर उचलता आली असती. पुढे तांबडा दिवा लागतो, चालक ब्रेक दाबतो आणि सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात खर्च होते. हिरवा दिवा लागला की तेवढीच ऊर्जा इंजिनाला पुन्हा निर्माण करावी लागते.

याचे पेट्रोलमध्ये रूपांतर करणे अवघड नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. शहरातल्या मंद, अडखळत्या चालीत इंजिनाची कार्यक्षमता २० टक्के धरली (हा अंदाज उदार आहे) तर चाकांपर्यंत ६४ लाख ज्यूल पोहोचतात. म्हणजे प्रत्येक थांब्यामागे साडेअकरा मिलिलिटर पेट्रोल गेले. किलोमीटरमागे तीन थांबे धरले तर ३५ मिलिलिटर. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार किलोमीटरला एकूण ६७ मिलिलिटर पेट्रोल पिते, हे लक्षात घेतले की यातील निम्मे अधिक पेट्रोल आपण केवळ थांबण्यासाठी जाळतो हे दिसते. थांबल्या जागी इंजिन चालू राहते त्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

हा नाश टाळण्याची कल्पना अलीकडची असावी असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे. ती शंभर वर्षे का रखडली आणि मग एकाएकी कशी फळाला आली, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातला मोठा उद्बोधक भाग आहे.

विसावे शतक उजाडले तेव्हा मोटार कशावर चालवायची याचा निकाल लागलेला नव्हता. १९०० सालच्या सुमारास अमेरिकेत वर्षभरात बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या होत्या, १,५७५ विजेच्या, आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. विजेची मोटार शांत होती, तिला धूर नव्हता, हँडल मारावे लागत नव्हते. पण शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचे वजन प्रचंड होते आणि त्या लवकर संपत. याच वेळी व्हिएन्नातील लोनर या घोडागाड्या बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात फर्डिनांड पोर्श हा पंचविशीतला तंत्रज्ञ काम करत होता. (पुढे फोक्सवॅगनची ‘बीटल’ आखणारा तो हाच.) त्याने चाकाच्या तुंब्यातच विद्युत मोटर बसवली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी गाजली. परंतु बॅटरीचे ओझे पोर्शलाही खटकत होते. त्याने बॅटरी लहान केली आणि गाडीत दोन पेट्रोल इंजिने बसवली. ही इंजिने चाकांना जोडलेली नव्हती. ती जनित्र फिरवत, जनित्राची वीज चाकांतल्या मोटरना जाई आणि उरलेली बॅटरीत साठे. या गाडीचे नाव त्याने लॅटिनमध्ये ठेवले: ‘सेम्पर व्हिवुस’, म्हणजे सदैव जिवंत.

ही रचना आपल्याला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. रेल्वेचे डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. त्यात डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि चाके विद्युत मोटरच ओढतात. फरक एवढाच की रेल्वे इंजिनात ऊर्जा साठवणारी मोठी बॅटरी नसते. अभियांत्रिकीच्या भाषेत ही एकसर जोडणी. विद्युत मंडले शिकवताना आपण एकसर व समांतर असे दोन शब्द वापरतो, तेच येथे चालतात.

समांतर जोडणीचा शोध बेल्जियमने लावला. लिएज येथील हेन्री पीपर याने २३ नोव्हेंबर १९०५ रोजी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मार्च १९०९ मध्ये मंजूर झाले. त्याच्या गाडीत इंजिन चाकांना जोडलेले होतेच, पण त्याच दांड्यावर एक विद्युत यंत्रही होते. चढ लागला की हे यंत्र मोटर बनून इंजिनाला हात देई. सपाटीवर किंवा उतारावर तेच जनित्र बनून बॅटरी भरी. मोटर आणि जनित्र ही दोन यंत्रे नसून एकाच यंत्राची दोन कामे आहेत, हे विद्यार्थ्यांना सहसा पटत नाही. पीपरची सगळी युक्ती त्याच एका गोष्टीवर उभी होती. आज रस्त्यावर धावणाऱ्या संकरित मोटारींचे मूळ या पेटंटात जितके स्पष्ट दिसते तितके पोर्शच्या गाडीत दिसत नाही, असे मला वाटते. पण प्रसिद्धी मात्र पोर्शच्या वाट्याला आली.

मग ही गाडी मागे का पडली? १९१६ साली शिकागोच्या वुड्स मोटर व्हेइकल कंपनीने ‘ड्युअल पॉवर’ नावाची मोटार बाजारात आणली. ताशी सुमारे २४ किलोमीटरपर्यंत ती विजेवर चाले, त्यापुढे पेट्रोल इंजिन कामाला लागे. कमाल वेग ताशी ५६ किलोमीटर. किंमत सुमारे २,६५० डॉलर. त्याच वर्षी फोर्डची ‘मॉडेल टी’ ३६० डॉलरला मिळत होती. एका वुड्सच्या पैशांत सात फोर्ड आल्या असत्या, आणि त्या वेगानेही पुढे होत्या. १९१८ पर्यंत वुड्सचा कारभार आटोपला.

किंमत हे एक कारण झाले. दुसरे कारण मोठे विनोदी आहे. पेट्रोलच्या मोटारीचा सर्वांत मोठा जाच म्हणजे सुरू करण्यासाठी मारावे लागणारे हँडल. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवला आणि हा जाच संपला. म्हणजे एका लहानशा विद्युत मोटरनेच विजेच्या मोटारीचा मोठा आधार काढून घेतला. त्याच दशकांत टेक्सासमध्ये तेल उदंड सापडले होते, पेट्रोल स्वस्त झाले होते. थांब्यागणिक साडेअकरा मिलिलिटर वाया जाते याची फिकीर करण्याचे कोणालाच कारण उरले नाही.

यानंतरची पन्नास वर्षे भराभर ओलांडायला हरकत नाही. कल्पना मेली नव्हती. पाणबुड्यांत आणि रेल्वेत ती वेगवेगळ्या रूपांत नांदत होती. मोटारीत मात्र ती परतली ती धुराच्या धास्तीने. अमेरिकेतील शहरांवर साचणाऱ्या धुरक्यामुळे १९७० साली तेथे हवा स्वच्छ राखण्याचा कडक कायदा झाला. स्वच्छ मोटारीचे नमुने बनवणाऱ्यांना उत्तेजन देणारी एक सरकारी योजनाही निघाली. या योजनेत व्हिक्टर वौक हा विद्युत अभियंता उतरला. (कादंबरीकार हर्मन वौक हा त्याचा थोरला भाऊ.) वौक आणि त्याचा सहकारी चार्ल्स रोझेन यांनी १९७२ ची एक ब्यूइक स्कायलार्क घेतली, तिचे मूळ इंजिन काढून मझदाचे लहान रोटरी इंजिन, २० किलोवॅटची मोटर आणि बारा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या बसवल्या. १९७४ मध्ये सरकारी प्रयोगशाळेत तिची चाचणी झाली. मूळ गाडीच्या दुपटीने ती लिटरमागे अंतर कापत होती. तरीही ती योजना १९७६ साली गुंडाळण्यात आली आणि वौकची मोटार एकुलती एकच राहिली. वौक २००५ पर्यंत जगला, त्यामुळे आपला विचार खरा ठरलेला त्याला पाहता आला.

त्याच सुमारास आणखी एक काम शांतपणे झाले. टीआरडब्ल्यू या अमेरिकी कंपनीतील बर्मन, गेल्ब आणि रिचर्डसन या तिघांनी दातेचक्रांच्या साहाय्याने इंजिन व दोन विद्युत यंत्रे यांची शक्ती जुळवणारी रचना शोधली. १९७१ साली तिचे पेटंट निघाले. ती वापरायला तेव्हा लागणारे अर्धवाहक आणि संगणक उपलब्ध नव्हते. सेकंदाला शेकडो वेळा तीन यंत्रांचे हिशेब जुळवणार कोण?

हे जुळवणारा सूक्ष्मसंगणक १९९० च्या दशकात आला. १९९३ च्या अखेरीस टोयोटाने एकविसाव्या शतकातील मोटारीचा विचार करण्यासाठी ‘जी २१’ नावाचा गट नेमला. ताकेशी उचियामादा त्याचे प्रमुख झाले. संबंध मोटार आखण्याचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. गटाने आधी इंजिन सुधारून दीडपट अंतर काढण्याचे ठरवले होते. वरिष्ठांनी दुप्पट मागितले. नुसत्या पेट्रोल इंजिनाने हे साधणार नव्हते, म्हणून संकरित रचनेकडे वळणे भाग पडले. सुमारे ८० रचना संगणकावर तपासून एक निवडली. नोव्हेंबर १९९५ मध्ये पहिला नमुना तयार झाला आणि तो जागचा हललाच नाही. ४९ दिवस खटपट केल्यावर तो चालला, तोही काही शे मीटर. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, ‘प्रिअस’ जपानमध्ये विक्रीला आली. किंमत २१ लाख ५० हजार येन. हवामानबदलावरील क्योटो परिषद त्याच महिन्यात, त्याच देशात भरली होती.

प्रिअसचे अंतरंग शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. त्यात ग्रहमाला-दातेचक्र वापरले आहे. मधोमध ३० दात्यांचे सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रे, आणि सर्वांना वेढणारे आतून ७८ दात्यांचे वलयचक्र. सूर्यचक्राला लहान विद्युत यंत्र जोडले आहे, ग्रहचक्रे धरणाऱ्या चौकटीला पेट्रोल इंजिन, आणि वलयचक्राला मोठी मोटर व गाडीची चाके. तिघांच्या फेऱ्यांचे नाते एका साध्या समीकरणात बसते:

७८ × वलयाचे फेरे + ३० × सूर्याचे फेरे = १०८ × चौकटीचे फेरे

गाडी उभी आहे, म्हणजे वलय शून्य. इंजिन सुरू करायचे आहे. लहान यंत्राने सूर्यचक्र मिनिटाला ३,६०० फेऱ्यांनी फिरवले की इंजिन १,००० फेऱ्यांनी फिरू लागते; वेगळा स्टार्टर लागत नाही. आता गाडी विजेवर चालली आहे, इंजिन बंद आहे, वलय १,००० ने फिरते आहे. मग सूर्यचक्र उणे २,६०० म्हणजे उलट दिशेने मोकळे फिरते. गाडीत क्लच नाही, गिअर बदलणे नाही. सूर्यचक्राचा वेग कमीजास्त केला की इंजिनाला हवा तो वेग देता येतो, गाडीचा वेग काहीही असो. वर्गात एक समीकरण, तीन चलराशी आणि एक चालती मोटार, असा योग सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाची. निकोलाउस ऑटोच्या पेटंटातून वाट काढण्यासाठी जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात एक वेगळे चक्र शोधले होते. त्यात वायू जितका दाबला जातो त्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो. त्यामुळे उष्णतेचा अधिक भाग कामी येतो, पण त्याच आकाराच्या इंजिनाची ताकद कमी पडते. या दुबळेपणामुळे मोटारीत ते कोणी घेत नव्हते. प्रिअसमध्ये कमी पडणारी ताकद मोटर पुरवते, म्हणून शंभर वर्षे अडगळीत पडलेले चक्र उपयोगी ठरले. ॲटकिन्सनची मूळ दांड्यांची गुंतागुंत मात्र घेतलेली नाही; आत हवा घेणारी झडप उशिरा मिटवून तोच परिणाम साधला आहे.

१९९९ च्या अखेरीस होंडाची ‘इनसाइट’ आली. दोघांपुरती, ॲल्युमिनिअमची, एक लिटर इंजिनाची हलकी मोटार. तिच्यात मोटर अवघी १० किलोवॅटची होती, पीपरच्या गाडीसारखी इंजिनाला हात देणारी. अमेरिकेतील त्या वेळच्या सरकारी मापनात इनसाइटने शहरात लिटरला सुमारे २६ आणि महामार्गावर ३० किलोमीटर दिले. प्रिअसने शहरात २२ आणि महामार्गावर १९. आकड्यांत इनसाइट पुढे आहे, पण खरी नवलाई प्रिअसच्या उलट्या क्रमात आहे. सामान्य मोटार महामार्गावर अधिक जाते. ही शहरात अधिक गेली. ज्या ऊर्जेचा हिशेब आपण सुरुवातीला केला, तिचा बराचसा भाग ती ब्रेक लावताना परत घेत होती. चाके मोठ्या मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते, बॅटरी भरते. (मुंबईत २००७ पासून आलेल्या नव्या लोकल गाड्याही ब्रेक लावताना अशीच वीज तयार करतात, पण ती बॅटरीत न साठवता वरच्या तारेत परत जाते.) सगळी ऊर्जा मात्र परत मिळत नाही, जाता-येता प्रत्येक रूपांतरात काही भाग उष्णता होऊन जातो.

या घराण्यातील खरी शहरी मोटार डिसेंबर २०११ मध्ये आली. पहिल्या प्रिअस-गटातील सातोशी ओगिसो यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ‘अक्वा’ ३,९९५ मिलिमीटर लांब होती, म्हणजे चार मीटरांच्या आत. बॅटरी मागच्या आसनाखाली सरकवल्याने सामानाची जागा वाचली आणि गाडीचा तोलही खाली आला. बॅटरीची साठवण एक किलोवॅट-तासाहूनही कमी. विद्यार्थी येथे हमखास विचारतील की एवढीशी बॅटरी कशाला पुरणार? सुरुवातीचे ७४,००० ज्यूल घ्या. एक किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल. एका थांब्याची ऊर्जा झेलायला ही बॅटरी पुरून उरते, आणि तिचे काम तेवढेच आहे. २०१३ साली अक्वा जपानमध्ये सर्वाधिक खपलेली मोटार ठरली.

अशी मोटार घेऊ पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका बॅटरीच्या आयुष्याची असते. तिचे उत्तर आता अनुभवाने मिळाले आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात पहिल्या पिढीतील एक प्रिअस टॅक्सी म्हणून तीन लाख किलोमीटरांहून अधिक चालली. २०११ मध्ये अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहक संस्थेच्या मासिकाने ३ लाख ३१ हजार किलोमीटर चाललेली २००२ ची प्रिअस मिळवून तपासली. दहा वर्षांपूर्वी नव्या गाडीने लिटरला १७.३ किलोमीटर दिले होते, जुनीने १७.२ दिले. याचे कारण संगणक ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यातच तिला खेळवले जाते. बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. आपल्याकडच्या धुळीत ती जाळी तुंबते, तेवढी साफ ठेवायला हवी. ब्रेकचे अस्तर मात्र सावकाश झिजते, कारण थांबवण्याचे बरेच काम मोटरच करते.

भारतात ही मोटार उशिरा आणि अडखळत आली. २००८ मध्ये होंडाने परदेशातून आणलेली संकरित ‘सिव्हिक’ साडेएकवीस लाखांना ठेवली. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षाअखेर किमतीतून आठ लाख उतरवावे लागले. २०१० मध्ये आलेल्या प्रिअसची किंमत सुमारे २७ लाख होती. त्याच वर्षी पुण्यात वेगळाच प्रयत्न झाला. केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज या दोन पुणेरी कंपन्यांनी ‘रेव्होलो’ हा संच जाहीर केला. असलेल्या मोटारीलाच मोटर आणि बॅटरी जोडून तिला संकरित करायचे, अशी ती कल्पना होती. आपल्या परिस्थितीला ती फार शोभणारी होती, पण सामान्य ग्राहकापर्यंत ती पोहोचली नाही. २०१५ नंतर ‘हायब्रिड’ ही अक्षरे अनेक गाड्यांवर झळकली. त्यांतील पुष्कळांत मोटर इतकी लहान होती की ती एकटी गाडी हलवूच शकत नसे. सरकारने एप्रिल २०१७ पासून अशा सौम्य संकरित गाड्यांची सवलत काढली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मोठ्या संकरित मोटारीवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला, तर चार मीटरांच्या आतील व १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल-संकरित गाड्यांसाठी १८ टक्के ठरला. पूर्ण अर्थाने संकरित आणि येथेच बनलेल्या मध्यम किमतीच्या गाड्या २०२२ मध्ये आल्या: होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा. शेवटच्या दोन गाड्यांचा अधिकृत आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर होता. रस्त्यावर तो कमी भरतो.

हा जादा पैसा वसूल होतो का, हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. समजा संकरित गाडी तीन लाखांनी महाग आहे आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. शहरात साधी मोटार लिटरला १४ आणि संकरित २२ किलोमीटर जाते असे धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे ३१२ लिटर, म्हणजे पावणेतेहतीस हजार रुपये वाचतात. वसुलीला नऊ वर्षांहून अधिक लागतात. तीच गाडी महामार्गावर चालवली, आणि तेथे फरक १९ विरुद्ध २१ असा असला, तर ६० लिटर वाचतात आणि वसुलीला ४७ वर्षे लागतात. शहरातच वर्षाला ४०,००० किलोमीटर चालवणाऱ्या व्यावसायिकाचे पैसे तीन वर्षांच्या आत निघतात. (मुंबईतील बहुसंख्य टॅक्सी सीएनजीवर चालतात, त्यांना हे गणित लागू नाही.) येथे किलोमीटर प्रति लिटर हे माप फसवे आहे, याकडेही मुलांचे लक्ष वेधावे. २२ वरून ३० ही सुधारणा १० वरून १४ या सुधारणेपेक्षा मोठी वाटते. पण १०० किलोमीटरला पहिलीत सव्वा लिटरही वाचत नाही आणि दुसरीत पावणेतीन लिटरहून अधिक वाचते. लॅरिक आणि सॉल या दोघा संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला. युरोपातील मोटारींवर १०० किलोमीटरला किती लिटर असे उलटे माप फार पूर्वीपासून छापले जाते.